एकवीस दिवसांचे टाके

सकाळी आठला मी ड्रेसिंगची खोली उघडली, कात्र्या आणि चिमटे ट्रेमध्ये मांडले, रजिस्टरवर तारीख घातली. समोरच्या फुटपाथवर तेव्हाच रांग लागली होती. चेहऱ्यावर टाके घेतलेली माणसे व्रण पुसणाऱ्या बाबांची वाट पाहत होती. बाबांची अट एकच: एकवीस दिवस टाक्यांना डॉक्टरची कात्री लावायची नाही, फक्त त्यांचे तेल लावायचे. "श्रद्धा पक्की, तर दोरा कच्चा," असे ते कर्ण्यावरून सांगत. भक्ताचे टाके आपोआप गळतात, पाप्याचे रुततात.

बाविसाव्या दिवशी एक सून टाके काढायला आली. सोबत सासू आणि नणंद. काचेचे दार फुटून सून आणि नणंद दोघींचे गाल एकाच दिवशी चिरले होते. एकाच डॉक्टरांनी एकाच धाग्याने दोघींना शिवले होते. नणंदेचे टाके 'गळले', म्हणून बाबांनी काल तिला गर्दीपुढे मिरवले. सुनेचे राहिले. पापाला औषध नसते, असे सासूने मला ऐकवले. आजच हिला माहेरी पोचवणार, मुलाचीही ना नाही.

मी धागे काढले. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना खड्डा पडला होता. गालावर शिडी उमटली होती.

"हा नायलॉनचा धागा," मी म्हणाले. "तो गळत नाही. चेहऱ्यावरचे टाके पाचव्या दिवशी काढले, तर बारीक रेघ उरते. ठेवले, तर मांसात रुततात. कातडीला पापपुण्य कळत नाही."

"मग हिचे कसे गळले?" सासूने विचारले.

मी काढलेले धागे ट्रेमध्ये ठेवले. बाबांचे कितीतरी भक्त, 'कुणाला सांगू नका' म्हणत, याच खुर्चीवर बसून गेले होते. ज्यांनी बाबांना फसवले ते पुण्यवान ठरले. ज्यांनी ऐकले ते पापी.

सून नणंदेकडे पाहत होती. "वन्सं, तुम्हीच सांगा."

"पाचव्या दिवशी येऊन काढून घेतले," नणंद पुटपुटली. "माझं लग्न व्हायचंय, वहिनी. चेहरा बिघडवून कसं चालेल?"

"मला का नाही सांगितलंत?"

उत्तर सासूने दिले. "झालं ते झालं. बाबांनी चारचौघांत हिला पुण्यवान म्हटलंय, ते तसंच राहू दे. तू सामान आवर. सहाची गाडी आहे."

सुनेने आरशात गाल नीट पाहिला.

"जाईन," ती म्हणाली. "सहाला अजून वेळ आहे."

ती एकटीच रस्ता ओलांडून रांगेच्या शेवटच्या टोकाला गेली. कपाळावर काळे धागे असलेल्या एका बाईसमोर थांबली, आपला गाल उजेडाकडे वळवला आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. पंधरा मिनिटांनी माझे दार उघडले. तिने त्या बाईला हाताला धरून आणले होते. मागे आणखी दोघे उभे होते.