गळ्याची नळी

या, टेका जरा. सेनाहची गोष्ट सांगतो. लांब नाही, तीही दमलेली होती आणि मीही दमलोय.

मलेशियातल्या केलांतानच्या बाजारात सेनाहनं कापलेली कोंबडी उचलली आणि मानेची चीर बोटानं उघडून बघितली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या चाळिसाव्याची कंदुरी होती. वर्षभर त्याचं दुखणं काढून बाईचे खांदे गळाले होते. पण त्याच्या नावानं गावाला जेवायला घालायचं, तर घास हलालच पाहिजे.

"अगं, वर पाटी लावलीय ना हलालची!" मागून रांगेतली रोसनानी ओरडली. "आत काय सोनं शोधतेस?"

पाटी होती, पण चीर अर्धीच होती. गळ्याची नळी शाबूत. असली कोंबडी मेलेली म्हणायची, हलाल झालेली नव्हे.

कापणारा देरामान म्हणजे नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त. सेनाह फळीवर ओणवी झाली.

"भाऊ, हिची नळी राहिली हो."

देरामाननं हात फडक्याखाली घेतला. तर फडकंच थरथरायला लागलं.

"कधीपासनं?"

"झाले महिने. अशी निघाली की बाजूला काढतो, वहिनी. आज नजर चुकली." त्यानं मागच्या रांगेकडं बघितलं. "सांगणार सगळ्यांना?"

"ओरडायला जीव कुठाय माझ्यात?"

तिनं ती कोंबडी कचऱ्यात टाकली आणि फळीला वळसा घालून आत गेली.

"सुरी द्या. तुम्ही जिवंत कोंबडीचे पाय धरा."

"बाईच्या हातची चालते का?" रांगेतला म्हातारा खेकसला.

"चालते!" देरामानला एकदम आवाज फुटला. "मशिदीत सांगत होते तेव्हा घोरत होतास."

सेनाहनं अल्लाचं नाव घेतलं आणि एका दमात सुरी फिरवली. रक्त मोकळं वाहिलं. तिच्या कोंबड्या कापून झाल्या. पिशवी उचलून निघाली, तर रोसनानीनं आपली जिवंत कोंबडी पुढं धरली. तिच्यामागं म्हाताराही सरकला.

सेनाहनं बाजाराच्या दाराकडं बघितलं. मग पिशवी खाली ठेवली.

"घट्ट धरा, भाऊ."

तुम्हालाही शंका आली तर विचारा बरं. विचारलंच पाहिजे, पोटात तुमच्या जाणार आहे. फक्त हळू विचारा, एवढं माझं ऐका.