चौकोनातला चौकोन

सकाळी आठलाच महिपती कुळगावहून गोधडी काखेत मारून गाळ्यावर आला. बायकोची, बकुळाची गोधडी. ती जाऊन वर्ष झालं होतं, पण एवढी जाड दुसरी घरात नव्हती.

"खिडकी झाकायला खिळे मारू?" कैलासने विचारलं.

"गोधडीला खिळा मारायचा नाही. सुतळी आण."

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या गाळ्यात कैलास आणि महिपती दोघांनी मिळून जहाजासाठी स्क्रीन बनवला होता. समुद्राचा नकाशा आता स्क्रीनवर बघतात, आणि कुठल्याही देशाच्या जहाजावर तो ठरलेल्या रंगांतच दिसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम. दिवसाचे रंग वेगळे, रात्रीचे वेगळे. आज तपासणी होती. पास झाला तर जहाजावर चढणार, नाही तर दोन वर्षांची मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

"काका, नापास झालो तर?"

"आधी चहा पी."

अकराला तपासणीच्या संजीवनी मॅडम उन्हातून घाम पुसत आल्या. दिवसाचे रंग बघितले. उथळ पाणी निळं, खोल पाणी पांढरट. सगळं बरोबर. कैलासने महिपतीला हळूच कोपर मारलं.

"आता रात्रीचे."

महिपतीने दिवा मालवला, दार लावलं, खालच्या फटीला फडका सारला. खिडकीला गोधडी होतीच. स्क्रीन जवळजवळ काळा झाला. त्यावर खुणेचा एक काळा चौकोन होता आणि त्याच्या आत किंचित उजळ, लहान चौकोन. नियमाप्रमाणे आतला जेमतेम दिसायला हवा.

"मला तर एकच दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

कैलासचा हात बटणाकडे गेला. महिपतीने मनगट धरलं.

"उजेड वाढवू नको."

"काका, फेल होऊ आपण."

"वाढवलास तर रात्री या स्क्रीनकडे बघून मान वर केल्यावर समोरची होडी दिसणार नाही कुणाला. मॅडम, तुम्ही उन्हातून आलात. दहा मिनिटं बसा. मोबाइल पिशवीत ठेवा."

"दहाच का?"

"माझ्या बायकोला शेवटी उजेड सोसायचा नाही. खोली बंद करून बसायचो. आधी काही दिसायचं नाही. मग पलंगाची कड दिसायची. मग तिचं तोंड. दहा मिनिटं लागायची."

मॅडमनी मोबाइल आत टाकला. पिशवीची चेन वाजली. शेजारच्या गाळ्यात जीन्सची मशिनं धडधडत होती.

"थांबा," मॅडम एकदम म्हणाल्या. खुर्ची पुढे सरकली. "आत आहे. लहान आहे, पण आहे."

"नक्की ना?" कैलासने विचारलं.

"चारही कडा दिसतायत. पास."

कैलास उठला तो स्टुलावर आपटला आणि तसाच महिपतीच्या गळ्यात पडला.

"अहो, सहीला उजेड करा," मॅडम हसत म्हणाल्या.

कैलास कात्री घेऊन खिडकीकडे धावला.

"ठेव ती," महिपती म्हणाला. त्याने गोधडीवरची सुतळी चाचपली. "गाठी सोडतो मी. मॅडम, दोन मिनिटं."