माहेरच्या विहिरीची माती

रागिणी माझी पुतणी. नागपूरला खडकांच्या थरांचा अभ्यास करते. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे मऊ मातीचा पट्टा लागतो. त्या मातीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नेच्यांचे बीजाणू अडकलेले असतात, डोळ्यांना न दिसणारे. दोन गावांच्या मातीत त्याच त्या जाती निघाल्या, तर पट्टे एकाच काळातले धरतात. कनेरगाव नाक्याजवळच्या एका जुन्या विहिरीतली माती तिने स्वतः नेली होती. पुसेगावजवळच्या तांड्यावर जगनने नवी विहीर खोदली, तिच्यातली मी पाठवली. मी जवळ राहतो, एवढीच माझी पात्रता.

"काका, तंतोतंत जुळलं!" तिचा फोन आला. "सोमवारी प्रबंध देतेय. त्यातलं एक प्रकरण तुमच्या पिशवीवरच उभं आहे."

त्याच दुपारी जगनकडे विहिरीला पाणी लागल्याचं जेवण होतं. त्याची बायको रूपाबाई वाढत होती. मी म्हणालो, "तुमच्या विहिरीची माती नागपूरला गाजतेय."

"आमची कुठली, गुरुजी? ती तर माझ्या माहेरची."

"माहेरची? ती कशी?" मी विचारलं.

"नव्या विहिरीला जुन्या विहिरीची माती लावत्यात. मंग पाणी आटत न्हाई. कनेरगाव नाक्याजवळच्या माझ्या बापाच्या विहिरीतून टोपलंभर आणली अन् आतून फासली."

"मला वाटलं, मातीमागून सासूबी येऊन राहिली," जगन म्हणाला.

"कशाला येईल? तुमच्या हातची आळणी भाजी खायला?"

"फासली कुठं?" मी विचारलं.

"मऊ लागलं तिथं. दगडाला चिकटती व्हय?"

मीही मऊ लागलं तिथंच खुरप्याने खरवडलं होतं. पण किती आत? दोर धरून, डोळे अर्धे मिटून उतरलो होतो. बोटभर खोल गेलो की नुसता लेप काढला, आठवेना. मग जुळलेले बीजाणू जगनच्या विहिरीतले, की नाक्याची माती नाक्याच्याच मातीशी जुळली?

जेवण तसंच ठेवून मी जगनला घेऊन पुन्हा विहिरीत उतरलो. पाणी पट्ट्यापर्यंत चढून ओसरलं होतं, लेप वाहून गेला होता. आत मऊ, हिरवट माती होतीच. बोटांना ती मी आधी खरवडलेल्या मातीसारखीच लागली. मग माझं खरवडणं बरोबर होतं का? की सगळी ओली माती बोटांना सारखीच लागते? काही कळेना. मी वर आलो आणि फोन लावला.

रागिणीला लेपाचं सगळं सांगितलं.

"तुमच्याकडे आणखी माती आहे?"

"आहे. पण ती कोणती, हे मला..."

"काका, जुळलं नसतं तर मी दहादा विचारलं असतं. जुळलं म्हणून विचारलंच नाही." ती म्हणाली. "प्रकरण काढून टाकते. तुम्ही नवी पाठवा. हातभर आतली."

फोन ठेवला, तर रूपाबाई टोपलं घेऊन काठावर उभी.

"धुऊन गेली म्हनं, गुरुजी? शिल्लक हाय घरी. सरका, परत लावते."

"थांबा, रूपाबाई," मी घाईघाईने दोर कमरेला बांधला. "आधी माझी पिशवी भरू द्या."