मिलिंदनगरला वळसा

हॉटेलच्या गादीत अंग रुततं, झोप येत नाही.

मार्ग एक: हॉटेल ते गोवर्धन घाट. सपाट रस्ता. पहाटे लोक स्नानाला येतात, पळणाऱ्यांनी कडेनं जावं.

धपाट्याला तीळ आत घालायचे नाहीत. वरून थापायचे.

मार्ग दोन: कंधारचा किल्ला. तिथवर बसनं, मग खंदकाच्या कडेनं पायी. चढ बेताचा. टोपी आणि पाणी सोबत.

गावात आपलं माणूस असताना लॉजवर उतरलं, की त्या माणसाला मेल्यात जमा केलं. असं तोंडानं कुणी म्हणत नाही. म्हणावं लागत नाही.

निळा टी-शर्ट. पाठीवर पांढरी अक्षरं: माती परिषद, नांदेड.

*

हे सगळं एकाच बाईचं. तिचं नाव धम्मप्रिया. पुण्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला आहे. तिथं तिला सगळे प्रिया म्हणतात. गळ्यातल्या कार्डावरही तेवढंच आहे.

परिषद नांदेडला ठरली तेव्हा पाहुण्यांना सकाळी पळायला-फिरायला मार्ग सुचवायचं काम तिच्याकडे आलं. "तुम्ही तिकडच्याच ना?"

तिकडचीच. आई गेल्यावर ती सरजामावशीकडे मिलिंदनगरात वाढली. हॉटेलच्या मागं रेल्वेचं फाटक आहे, फाटकापलीकडं मिलिंदनगर. घाटाकडं जायची जवळची वाट वस्तीतूनच जाते. मावशीच्या दारावरून.

धम्मप्रियानं नकाशावर रेघ फाटकापर्यंत आणली. थांबली. मग मोठ्या रस्त्यानं वळसा घातला आणि खाली लिहिलं: फाटकापलीकडं रस्ता खराब आहे.

रस्ता खराब नव्हता. मागच्या वर्षीच सिमेंटचा झाला होता. मावशीनं फोटो पाठवला होता, स्वतः मधोमध उभी राहून.

परिषदेच्या पहिल्या रात्री मावशीचा फोन आला. "औंदा येशील का न्हाई?"

"सुट्टीच नाही गं मावशे."

हे ती हॉटेलच्या खोलीतून बोलली. आवाज जाऊ नये म्हणून आधी एसी बंद करून.

*

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला शिल्पा उशिरा आली. शिल्पा लातूरची, तिथल्याच प्रयोगशाळेतली. तोंड लाल झालेलं, हातात वर्तमानपत्राची पुडी.

"प्रियाताई, तुमचा नकाशा चुकलाय बघा."

"का?"

"फाटकापलीकडं चांगला गुळगुळीत रस्ता हाय की. गाडी न्हाई, घोडं न्हाई. लई पळाले. मग धाप लागली म्हणून एका दारात टेकले, तर एक म्हातारी गूळ-पाणी घेऊन आली. म्हणती, कोण मागं लागलंय गं?"

टेबलावर सगळे हसले.

"म्हणलं, कोणी न्हाई, हौसेनं पळायलेय. तर म्हणती, आमची पोरगी बी अशीच पळायची. मी काठी घेऊन मागं, कुत्री हाकलत."

धम्मप्रिया चहा ढवळत राहिली. त्यात साखर नव्हती.

"तिची पोरगी पुण्यात असती म्हणं. सुट्टी मिळत न्हाई बिचारीला. मी हॉटेलात उतरले म्हणल्यावर तर तोंडच उतरलं तिचं. म्हणती, या गावात तुमचं कोणीच न्हाई व्हय? मग मी हाय की. अन् हे बांधून दिलं."

शिल्पानं पुडी सोडली. धपाटी. तीळ वरून थापलेले.

भीमाशंकर सरांनी एक तुकडा मोडला. सर उदगीरचे, परिषदेचे अध्यक्ष, खाण्याचे शौकीन. "वास काय सुटलाय. कुठली वस्ती म्हणालीस?"

"मिलिंदनगर."

सरांचा हात ताटाशी थांबला. तुकडा कडेला ठेवून ते म्हणाले, "इडल्या जरा जास्तच झाल्या आज."

शिल्पानं त्यांच्याकडं बघितलं आणि अख्खं धपाटं उचलून खायला लागली. खाताखाता तिनं पुडी पुढं सरकवली. "घ्या ताई. गरम हाय अजून."

सर बघत होते.

"माझंही पोट भरलंय," धम्मप्रिया म्हणाली.

*

मार्ग तीन. (नकाशात नाही.)

सगळे सभागृहात गेल्यावर परत टेबलापाशी या. पुडी अजून तिथंच असेल. जिन्यात बसून खा. गार झालंय. सरांनी ठेवलेला तुकडासुद्धा खा. हात पुसा. भाषणं ऐकू नका. मागच्या दारानं बाहेर पडा. फाटक. पलीकडं सरळ.

रस्ता चांगला आहे.

*

सरजाबाई दारात तुरी पाखडत होती.

"मावशे."

मावशीनं आधी टी-शर्टाकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"कवा आलीस?"

"आत्ताच. उतरले अन् सरळ इकडंच आले."

"अन् पिशवी?"

पिशवी नव्हती. धम्मप्रियानं हात मागं घेतले, जणू तिथं असेल.

"मागून येणार हाय. गाडीतल्या एका बाईकडं राहिली."

"बरं." मावशीनं सूप बाजूला ठेवलं. "पाय धू. सकाळची धपाटी होती, पण एका पोरीला दिली. लई घामेजली होती. तिच्या अंगात बी असंच निळं होतं."

"असं का."

"हाव. मोठ्या हॉटेलातली होती पोरगी." मावशी पदरानं सुपाची कड पुसत राहिली. "खाल्ली असतील का गं? का टाकली असतील?"

"खाल्ली," धम्मप्रिया म्हणाली.

मावशीचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही. मग गुडघ्यावर जोर देत उठली आणि पीठ काढायला आत गेली.

"तिखट झाली होती का?" तिनं आतून विचारलं.

"न्हाई. बरोबर झाली होती."

आत परातीचा आवाज आला. धम्मप्रिया नळाखाली पाय धरून उभी राहिली. पाय केव्हाच धुऊन झाले होते.

*

सकाळी पुडी बांधताना सरजाबाईनं शिल्पाच्या पाठीवरचं 'माती' वाचून तिला विचारलं होतं, तुमच्यात धम्मप्रिया नावाची कोणी आलीय का. शिल्पा म्हणाली होती, नाही.