बॉनेटवरचा पंजा

रविवारची सकाळ, आणि मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. टॅक्सी, सामानाचे टेम्पो, नव्या कोऱ्या मोटारी, कोपऱ्यात चक्क एक रुग्णवाहिका. सगळ्या रांगेत उभ्या, आणि सगळ्यांच्या डॅशबोर्डवर कसला ना कसला पिवळा दिवा पेटलेला. तो दिवा विझवायला कोणी मेकॅनिक येणार नव्हता. येणार होते हस्तयोगी.

ते आपल्या चकचकीत मोटारीतून उतरले आणि गर्दीतून एक हुंकार उठला. अंगात रेशमी सदरा, उजव्या हाताला कसलंसं सुगंधी तेल चोपडलेलं. पहिल्या टॅक्सीच्या बॉनेटवर त्यांनी तळहात टेकवला आणि डोळे मिटले.

"कंपनी नुसतं लोखंड बनवते," ते म्हणाले. "लोखंडात प्राण कोण घालतं? गाडीलाही श्वास आहे, मन आहे. मेकॅनिक तिचं पोट फाडतो. आम्ही तिच्याशी बोलतो!"

टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं, असा नियम होता. पुढे ड्रायव्हरच्या जागी एक शिष्य बसायचा, स्टिअरिंगवर भगवी शाल पसरायचा आणि किल्ली अर्धी फिरवायचा. इंजिन चालू करायचं नाही, गाडीचे नुसते डोळे उघडायचे. मिनिटभर मंत्र झाला, शाल निघाली, आणि दिवा गायब! लोकांनी टाळ्या पिटल्या. टॅक्सीवाला रडत रडत पाया पडला. बॉनेटवर तेलाचा पंजा उमटला होता, आणि तो धुवायचा नाही, धुतला तर कृपा वाहून जाते, असं त्याला बजावण्यात आलं.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाईंनी तोंड फिरवलं. तेलाच्या त्या वासाने म्हणा, नाहीतर शिकल्यासवरलेल्या माणसांच्या त्या मिटलेल्या डोळ्यांनी म्हणा. त्या इथे हौसेने आल्या नव्हत्या. रांगेत चौथी व्हॅन त्यांच्या सख्ख्या भावाची, दादाची होती. तो त्याच व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करायचा. त्याच्या गाडीचा दिवा महिनाभर पेटलेला होता. तासाभरात तोही विझला, आणि दादा पंजा मिरवत घरी गेला.

त्या आठवड्यात बाईंची भाची शाळेतून आली ती बुटाकडे बघतच.

"आत्या, हे बघ. माझ्या बुटाचा तळ चिकट झालाय."

रबर खरंच मऊ पडलं होतं. एका कडेला तर वितळून सुरकुतलं होतं.

"कुठे पाय ठेवला होतास गं?"

"व्हॅनमध्येच. मधल्या सीटखाली खूप गरम लागतं. आणि जळका वास येतो. बाबा म्हणतात, ते चांगलं असतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच दादाकडे गेल्या.

"अगं, महाराजांनी आधीच सांगितलं होतं," दादा म्हणाला. "गाडीतली बाधा जमिनीवाटे बाहेर पडते. तेव्हा फरशी तापते."

"आणि तिच्यावर मुलं बसतात!"

"तुला काय वाटतं, मला मुलांची काळजी नाही? मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही. तेवढ्यात पालक दुसरी व्हॅन लावतील. मग मी काय करू? महाराजांनी मिनिटात दिवा घालवला. घालवला की नाही?"

घालवला होता, हे खरंच. पण कसा, ते शोधायचं बाईंनी ठरवलं.

शनिवारी दिवा पुन्हा पेटला. महाराजांच्या शिष्याने फोनवर सांगितलं, "घरात कोणीतरी शंका घेतंय. उद्या पुन्हा घेऊन या." दादाने बहिणीकडे असं बघितलं की जणू दिवा तिनेच पेटवला होता. सोमवारी पुन्हा मुलं त्याच गरम पत्र्यावर बसणार होती.

बाईंनी त्याच दुपारी बाजारातून गाडीचे दोष वाचणारा एक काळा डबीएवढा प्लग आणला. त्याची एक बाजू गाडीत लावायची, दुसऱ्या बाजूची वायर लॅपटॉपला. लॅपटॉप घरातला, झाकणावर भाचीने चिकटवलेली फुलपाखरं. सोबतच्या सीडीतलं सॉफ्टवेअर टाकलं, तर लॅपटॉपने 'अनोळखी उपकरण' असं म्हणून हात वर केले. उपकरण ओळखणारं दुसरं सॉफ्टवेअर शोधून टाकलं, मग पोर्ट चुकीचा निघाला. पोर्ट बदलला. प्लगचा दिवा लुकलुकला, पण गाडी काही बोलेना.

"तुझ्या यंत्राला पण एकदा महाराजांचा हात लावून आणू का?" दादाने व्हॅनच्या खिडकीतून डोकावत विचारलं.

बाईंनी दातओठ खात मदतीचं पान उघडलं. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं: किल्ली चालू ठेवा, इंजिन बंद ठेवा. प्लगची जागा स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ.

त्या जागच्या जागी थबकल्या. किल्ली चालू, इंजिन बंद. स्टिअरिंगखाली. आणि स्टिअरिंगवर शाल!

"दादा, किल्ली फिरव. नुसती फिरव."

पडद्यावर आकडे धावू लागले. पहिली ओळ सांगत होती की तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. दुसरी ओळ बाईंनी भावाला मोठ्याने वाचून दाखवली. "दोषांची नोंद पुसल्यानंतर गाडी धावली, त्र्याण्णव किलोमीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे दोष गेलाच नव्हता. त्याची नोंद कोणीतरी पुसली. या आठवड्यात किती चालली तुझी गाडी?"

दादाने मनाशी हिशेब केला. रविवारपासून साधारण तेवढीच चालली होती. मग मान खाली घातली, पण कबूल केलं नाही. "महाराजांनीच पुसली असेल. हाताने."

बाईंनी कपाळाला हात लावला. माणूस घाबरला की त्याच्या गळी काय काय उतरतं! "उद्या जाऊ या," त्या म्हणाल्या. "पण मागच्या सीटवर मी पण बसणार."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तीच गर्दी, तेच तेल, तोच वास. व्हॅनचा नंबर आला. बाई ओढणीखाली लॅपटॉप घेऊन मागे दादाशेजारी बसल्या. त्यांचा प्लग त्यांनी घरूनच जागेवर लावून आणला होता, वायर सीटखालून मागे. शिष्य पुढे बसला, शाल पसरली, किल्ली फिरवली. बाहेर हस्तयोगी बॉनेटवर हात ठेवून गरजले, "जा, बाधे, जा!"

शालीखाली बराच वेळ चाचपडणं चाललं. महाराजांनी तिसऱ्यांदा "जा" म्हटलं. शेवटी शिष्याचा धीर सुटला आणि तो ओरडला, "महाराज, इथे आधीच कोणीतरी लावलंय!"

गर्दी व्हॅनभोवती पुढे सरकली.

"काय लावलंय?" बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं. "आणि तुम्हाला तिथे काय लावायचं असतं?"

त्यांनी पुढे वाकून शाल ओढली. शिष्याच्या मुठीत बाईंच्या प्लगचं जुळं भावंड होतं, आणि दुसऱ्या हातात मोबाइल.

"हे बघा सगळ्यांनी!" बाई लॅपटॉप घेऊन खाली उतरल्या. वायर दारातून लोंबत होती. "मी ना उपास केला, ना मंत्र म्हटला. हे बटण आहे, 'दोष पुसा'. डॅशबोर्डकडे बघा." त्यांनी बटण दाबलं. दिवा विझला. "झाला चमत्कार! आता दादा, गाडी चालू कर आणि मैदानाला एक फेरी मार."

बाईंनी वायर सोडवली, दादा शिष्याला उठवून पुढे बसला. व्हॅन चालू झाली ती थरथरतच; आठवड्याभरात दोष बळावला होता. फेरी पुरी व्हायच्या आत दिवा लुकलुकायला लागला होता. दादाने तो पाहिला, गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"ही सगळी विज्ञानाची घमेंड आहे," हस्तयोगी म्हणाले, पण आवाजातलं रेशीम गेलं होतं. "या बाईच्या नास्तिकपणामुळे..."

"ती माझ्या घरातली आहे," दादा खाली उतरत म्हणाला. "आणि तुमच्या त्या मोटारीची सर्व्हिसिंग कंपनीत होते, मी पाहिलंय. तिला नाही हो तुम्ही हात लावत?"

बाईंनी पिशवीतून भाचीचा बूट काढला आणि वितळलेला तळ वर धरला.

"हा आठ वर्षांच्या मुलीचा बूट आहे. न जळालेलं पेट्रोल धुराच्या पाइपात जातं, तिथल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात पेटतं, आणि वरचा पत्रा तापतो. त्या पत्र्यावर मुलं बसतात. दिवा हेच ओरडून सांगत होता आणि या माणसाने त्याचं तोंड दाबलं. ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर फोडून 'बरा झाला' म्हणण्यातला हा प्रकार आहे. किळस येते मला याची!"

काही लोक शिष्याच्या मोबाइलवर तुटून पडले. काहींनी गुपचूप गाड्या मागे वळवल्या. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मात्र आपल्या बॉनेटकडे बघत तसाच उभा होता. हस्तयोगी कधी मोटारीत बसले आणि कधी पसार झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात एक वयस्कर टॅक्सीवाला हात जोडून बाईंपुढे आला. "बाई, तुमचा हात त्यांच्यापेक्षा भारी दिसतोय. माझ्या गाडीवर पण ठेवा ना एकदा."

बाईंना हसावं की रडावं कळेना. क्षणभर त्यांना वाटलं, लॅपटॉप तिथेच आपटावा आणि निघून जावं. मग त्यांनी त्याला व्हॅनजवळ ओढून आणलं आणि स्वतः बॉनेट उघडलं.

"काका, माझ्या हातात काही नाही. तुमच्या डोळ्यांत आहे, आणि ते त्या महाराजांनी मिटायला लावले. दिवा पेटला तर घाबरा, पण विचारा, का पेटला? कुठल्या भागाने पेटवला? जो माणूस तुम्हाला बघू देत नाही, प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका. आणि पोरंबाळं तर अजिबात देऊ नका."

सोमवारी व्हॅन गॅरेजमध्ये होती. इंजिन खोलावं लागलंच नाही. ठिणगी देणारी एक कॉइल गेली होती, आणि तापून तापून धुराचा डबा खराब झाला होता. मेकॅनिकने पत्र्याखालची जळकी काळी खूण दादाला दाखवली. दादा बराच वेळ वाकून ती बघत राहिला. मग बाहेर येऊन त्याने एकेका पालकाला फोन लावला, गाडी का येणार नाही ते न लपवता सांगितलं. दोघांनी मुलं काढून घेतली. बाकीचे थांबतो म्हणाले.

फोन संपल्यावर त्याने बादली आणि साबण मागितला. तेल चिवट होतं, पंजा दोनदा घासूनही जाईना. आत्याबरोबर गॅरेजमध्ये आलेली भाची शेजारी उभी राहून बघत होती.

"बाबा, आता कृपा वाहून जाईल ना?"

"जाऊ दे," दादा म्हणाला, आणि तिच्या हातात दुसरं फडकं दिलं. "तू तिकडून घास."