खालच्या ओळी

दादाने मालिका थांबवली, मोबाइलच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मोबाइल पंपाच्या एका जळक्या मोटारीला टेकवून उभा होता. पडद्यावर कोरियातली एक म्हातारी दारात उभी होती, आणि तिचा मुलगा पाठमोरा होऊन निघाला होता.

दादाने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा चालवला. म्हातारी काहीतरी बोलली. पण पडद्याच्या तळाशी, जिथे मी लिहिलेली मराठी ओळ यायला हवी होती, तिथे काहीच आलं नाही.

गिऱ्हाइकांसाठी त्याच्या दुकानात पाटी असते. ती ओढून त्याने लिहिलं, "तिचे ओठ हलले. ओळ नाही."

मी हातानेच सांगितलं, सोड, काही विशेष नाही. खरंच नव्हतं. थंडी आहे, मफलर नीट गुंडाळ, असं काहीसं ती म्हणाली होती. त्या एका भागात सहाशेवर ओळी होत्या, रविवार संपत आला होता, मी एक गाळली होती.

त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, "विशेष काय ते मी ठरवीन."

मग मोबाइल माझ्या हातात दिला आणि मोटारीत तांब्याची तार भरायला बसला. चार दिवस त्याने ती मालिका पाहिली नाही. पाचव्या दिवशी मी मफलरची ओळ घालून दिली, तेव्हा त्याने तेवढाच तुकडा तीनदा पाहिला आणि मान हलवली. म्हणजे, हे विशेषच होतं.

माझा भाऊ हरीओम कामरगावात पंपाच्या मोटारी भरतो. चौथ्या वर्षी तापात त्याचे कान गेले आणि कानांमागून बोलणंही गेलं. मी त्यानंतर वर्षभराने जन्मले. चालू मोटारीवर तळहात ठेवून तो बेरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय ते सांगतो. कान असलेल्या मिस्त्रींना ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. मी कारंज्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. आधी नऊ वर्षं कंडक्टर होते, आता गाड्या पुकारते. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथे नकोत. घरात माय, दादा आणि मी. बाबा जाऊन बारा वर्षं झाली.

माय संध्याकाळी टीव्हीवर मराठी मालिका बघायची. दादा शेजारी बसायचा. पडद्यावर कोणी रडलं, कोणी कोणाच्या थोबाडीत मारली, की तो मायचा पदर ओढून विचारायचा, काय झालं?

"सांगतो, मंग सांगतो," माय हात हलवून म्हणायची.

मालिका संपायची, मायला भाकरी टाकायच्या असायच्या. ते 'मंग' काही यायचं नाही. मायचंच कशाला, मीही तेच करायचे. पाहुणे आले, सगळे हसले, दादाने माझा हात धरला, की मी म्हणायचे, नंतर सांगते. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आम्हाला घाई असायची.

लॉकडाऊनमध्ये शेजारच्या भागवतकाकांची नात संस्कृती आमच्या ओट्यावर बसून मोबाइलवर कोरियन मालिका पाहायची. कॉलेज बंद होतं. एक दिवस दादाने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि तो तिथेच उभा राहिला. तासभर हलला नाही. त्याला त्यात काय दिसलं ते त्याने मला संध्याकाळी लिहून दाखवलं.

"तिलाही त्यांचे बोलणे समजत नाही. ती पण वाचते."

तिच्या पडद्यावरच्या ओळी इंग्रजी होत्या आणि दादाचं इंग्रजी मोटारीच्या लेबलापुरतं. तेव्हा मी त्या ओळी मराठीत लिहून द्यायच्या असं ठरलं. ठरलं म्हणजे दादाने ठरवलं. मी बी. ए. आहे, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन बसावं लागे. पहिली मालिका मी वहीत लिहिली. तो एका हाताने वही धरी, दुसऱ्या हाताने पडदा थांबवी. मग संस्कृतीने शिकवलं, की इंग्रजी ओळींची फाईल वेगळी उतरवून घेता येते, तिच्यात वेळ तशीच ठेवून नुसते शब्द बदलायचे. जुना लॅपटॉप घेतला. पहाटे पहिल्या गाडीच्या ड्यूटीआधी एक तास आणि रविवार, एवढा वेळ मी त्या कामाला दिला. सोळा भागांच्या मालिकेला पाच महिने लागले.

दादाचं ते पाहणं बघण्यासारखं होतं. मोटारीवर तळहात ठेवावा तसं तो त्या माणसांकडे पाहायचा. कोण खोटं बोलतंय हे त्याला तिसऱ्या भागातच कळायचं. आम्हाला कळायला बारावा भाग उजाडायचा. प्रत्येक पात्राला त्याने खुणेचं नाव दिलं होतं. एकाची भुवई, एकीचा चष्मा सावरण्याचा चाळा. आणि त्या लोकांचं त्याला भारी कौतुक. "ते पण खाली बसून जेवतात." "त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळत आहेत. आपल्यासारख्या." एकदा एका बापाने मुलीसमोर वाकून माफी मागितली, त्या दिवशी दादाने दुपारीच दुकान बंद केलं आणि बांधावर फिरायला गेला.

मायला हे खूळ वाटायचं. "बंद्याइची तोंडं सारखी दिसतात मले," ती म्हणायची. "आन तू कायले डोये फोडून राह्यली त्याच्यापायी? थ्याले समजून का करा लागते?"

बोलण्यासारखं होतं, पण मायला दुखलं असतं.

मग ती चूक झाली. खरं म्हणजे ती चूकच होती. पहाट होती, डोळे मिटत होते, आणि एका आईची ओळ मी पुस्तकी मराठीत लिहायची विसरले. मनात आली तशी लिहिली. "काहून रे, जेवला नाई अजून? मले सांगतलं काहून नाई?"

त्या दिवशी मी स्टँडवरून आले तर दादा दुकानाच्या दारात पाटी घेऊन उभा.

"ही कोणती भाषा?"

मी लिहिलं, "आपली."

"आपली म्हणजे?"

"घरची. वऱ्हाडी. आपण घरी अशीच बोलतो."

त्याने पाटी हातात घेतली. मग हळूहळू लिहिलं, "माय असे बोलते? 'मले'?"

"हाव."

"तू पण?"

"सगळे."

दादा सात वर्षांचा असताना अकोल्याच्या मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात गेला होता. तिथे त्याला लिहायला आणि ओठ वाचायला शिकवलं. 'मला', 'तुला', 'का', 'पाणी'. गुरुजींचे ओठ त्याला चटचट वाचता यायचे. घरी आला की मायचे ओठ वाचता यायचे नाहीत. 'मला' पाहिजे तिथे 'मले' म्हणताना ओठ फाकायचे. त्याने पाटीवर जे लिहिलं ते मी तसंच देते, कारण ते वाचून मी त्या रात्री जेवले नाही.

"मला वाटायचे मी कच्चा आहे. घरातल्या माणसांचेच ओठ मला कळत नाहीत."

त्रेचाळीस वर्षांचा माणूस. त्याला आम्ही कोणी सांगितलंच नव्हतं, की आम्ही पुस्तकासारखं बोलत नाही.

त्या दिवसापासून त्याला बाकी सगळ्या मालिकाही पुन्हा हव्या होत्या, वऱ्हाडीत. मी दिल्या. सोल शहरातल्या कंपनीचा मालक आमच्या ओळींत "बाप्पा, हे का करून ठेवलं तुमी" असं, 'काय'च्या जागी 'का' घालून, म्हणायला लागला. दादा हसता हसता खुर्चीवरून घसरला. आणि तो शिकत होता. घरी आला की चुलीपाशी बसून मायचं तोंड पाहत राहायचा.

"ह्याले का झालं? असा काहून पाह्यते माह्याकडे?" माय मला विचारायची.

दुकानातली पाटीही बदलली. पूर्वी लिहायचा, "आपली मोटार उद्या मिळेल." आता शेतकऱ्यांना वाचायला मिळायचं, "बेरिंग गेली तुही. उद्या ये. घाई करू नोको." ग्यानबा म्हणून एक म्हातारा शेतकरी वीस वर्षांपासून येतो. त्याने ती पाटी वाचली, दादाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा तं आपल्यावानी बोलते!" आणि पाटी उचलून शेजारच्या किराणा दुकानात दाखवून आला.

मागच्या वर्षी फाल्गुनात माय आजारी पडली. दोन पावलं चालली की दम लागायचा. वाशीमला नेलं. हृदयाची झडप निकामी झाली होती आणि त्या वयात ऑपरेशन झेपणार नव्हतं. औषधं घेऊन घरी आणलं. तिची खाट आम्ही मधल्या खोलीत खिडकीपाशी टाकली.

आठ दिवसांनी, मला सुट्टी होती आणि दादा जेवायला घरी आला होता, तेव्हा माय म्हणाली, "वर्षा, तुही थे वही आन. त्या कोरियावाल्याइचं लिवते तसं माहं लिव. थ्याले सांगाचं हाय."

मी वही घेऊन खाटेवर बसले. दादा समोर स्टुलावर. माय त्याच्याकडे बघून बोलत होती आणि मी लिहून पानामागून पान त्याच्या हातात देत होते.

"तू चार वर्षाचा होता. माह्या भावाचं लगन होतं कारंज्याले. तुले ताप भरला. मी दुकानातून तापाची पुडी आनली, थे देल्ली. दुसऱ्या दिशी बी ताप. तुहे बाबा गावाकडे होते, पेरनीचे दिवस. मले वाटलं, हयदीच्या आंधी नवरदेवाची बहीन उठून गेली तं लोक नावं ठेवतीन. म्हून राह्यलो मी. तिसऱ्या दिशी तू डोये फिरवले तवा अकोल्याले नेलं."

माय थांबली. श्वास घेतला.

"डॉक्टर म्हने, बाई, दोन दिस आंधी आनलं असतं तं कान वाचले असते. हे मी कोनालेच नाई सांगतलं. तुह्या बाबालेबी नाई."

माझा पेन थांबला. हे मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरचं वाक्य नाही लिहिलं तर काय बिघडेल, असं मनात आलं. माय अंगठेबहाद्दर; तिला मी काय लिहिलं ते कळणार नव्हतं. तिला हे एकदा बोलून टाकायचं होतं, ते तिचं बोलून झालं होतं. त्याला कशाला?

मी मान वर केली. दादा मायच्या ओठांकडे पाहत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

मी ती ओळ लिहिली आणि पान दिलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. माय पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. बाहेर कोणीतरी जीपवाला कारंजा, कारंजा म्हणून ओरडत होता. दादाने माझ्या हातातला पेन घेतला आणि त्याच पानाखाली लिहिलं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मायला वाचता येत नव्हतं.

"तवा मी बोलत होतो का? का बोलत होतो?"

माय माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी चुकीचं वाचलं.

"तो विचारून राह्यला, लहानपनी तो का का बोले," मी म्हटलं.

"बोले का म्हंते!" माय म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "बापा, तोंड बंद नोतं राह्यत एक घडी! थ्याले सांग, कोंबड्याइले शिव्या दे. आज्याचं आयकून आयकून बापाले नावानं हाका मारे. 'ओ जगदेव, पानी आन!' असा. एवढुसा पोट्टा. आन बाप आनून दे हासत हासत."

मी लिहिलं. दादाने वाचलं आणि त्याच्या घशातून तो खरखरीत आवाज निघाला, जो हसण्याचा आहे हे फक्त आम्हाला कळतं.

"अजून," त्याने हाताने सांगितलं.

"मी घराभाईर पाय टाकला का विचारे, 'माय, कुठी चालली?' हिरीवर चालली तरी विचारे. दहा डाव विचारे. आवाज जाडा होता, बुढ्यावानी. भाकरीले 'बाकल' म्हने. पोयाच्या दिशी बैलाले सांगे, 'आज तू नोको कामाले जाऊ, घरीच झोप.'"

माय सांगत होती, मी लिहीत होते. मध्ये तिला दम लागे, ती डोळे मिटून पडे आणि पुन्हा सुरू होई. दादा दुकानावर गेला नाही. अकरा पानं झाली. कानांचं आणि दोन दिवसांचं त्याने त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. ती अकरा पानं मात्र त्याने टाचून घेतली.

माय त्यानंतर सात महिने जगली. दुपारी दादा जेवायला आला की मोबाइल खाटेवर मांडायचा आणि तिच्या शेजारी बसायचा. मायला कोरियन कळत नव्हतं, ओळी वाचता येत नव्हत्या. ती त्याच्या दंडाला धरून विचारायची, काय झालं? आणि दादा मालिका थांबवायचा. सगळं सांगायचा. ही तिची सासू, हिने पत्र लपवलं, तो शहरात गेला, आता येईल. हाताने, भुवयांनी, अख्ख्या अंगाने. एका भागाला दोन-दोन दिवस लागायचे. मायला सासू ओळखू यायला लागली, मग माय तिला चांगलं-वाईट म्हणायला लागली. मी ड्यूटी संपवून दुपारी आले तरी माझ्याकडे दोघांचंही लक्ष नसायचं. मी हात धुऊन माझं ताट वाढून घ्यायचे.

अशा त्यांनी मी आधीच लिहून दिलेल्या चार मालिका पाहिल्या. पाचवी नवी होती; तिचे नऊ भाग झाले, आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर, माय गेली.

दहाव्या भागाच्या ओळी मी तयार करून ठेवल्या आहेत. तो मागत नाही, मी देत नाही. खाट अजून खिडकीपाशीच आहे. दुपारी दादा जेवतो आणि थोडा वेळ तिच्यावर टेकतो. अगदी कडेला बसतो, भिंतीकडच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून.