साडेतीनचे पेढे

काल्हेरला केसरीनाथच्या घरात मिठाई कधी संपायचीच नाही. त्याच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती. कुणी नवं गोदाम भाड्याने घेतलं, कुणी नवा ट्रक आणला, की मिठाईचा पहिला पुडा जमीनवाल्याच्या घरी यायचा. केसरीनाथला सहा वर्षांपासून साखरेचा आजार. म्हणून त्याची बायको हौसा पुडा लगेच कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे ठेवून द्यायची.

तरी पेढे कमी व्हायचे.

"अवं, आज किती खाल्ले?" हौसा विचारायची.

"मी हात पण लावला न्हाय."

"मग काय पेढ्यांना पाय फुटले?"

केसरीनाथ दोन-तीनदा शपथेवर बोलला. मग बोलायचा थांबला. चारच्या चहालाही घरी थांबेना. चपला घालायचा आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा.

खरी गोष्ट अशी, की रोज दोन पेढे हौसा स्वतःच खायची. दुपारी साडेतीनला घर निजलं की कोठीत जायची आणि उभ्या उभ्या तोंडात टाकायची. पण पुड्यातून रोज पाच-सहा पेढे जात होते. आपले दोन सोडले तर उरलेले नवऱ्याचेच, असा तिचा हिशेब.

एका मंगळवारी ती कोठीचं दार लोटून आत गेली, तर सून मृणाली उपड्या बादलीवर बसलेली. मांडीवर पुडा, गाल फुगलेला.

मृणालीने कसाबसा घास गिळला आणि तिला रडूच फुटलं.

"आई, मीच खाते. रोज. तुम्ही बाबांना बोलता ते ऐकते, तरी गप्प राहते."

हौसा ओरडणारच होती. पण तिचा स्वतःचा हात सवयीने पुड्याकडे गेला होता, तो मृणालीने पाहिला.

"सरक थोडी," हौसा म्हणाली आणि शेजारच्या गोणीवर टेकली. "मी पण खाते. दोन."

मृणाली रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. लेकीच्या, रीमाच्या वेळी, सातव्या महिन्यात तिची साखर वाढली होती. बाळंतपणानंतर पुन्हा तपासायला डॉक्टरांनी बजावलं होतं. आता रीमा आठ महिन्यांची झाली, तरी मृणाली गेली नव्हती. "भीती वाटते. आणि भीती वाटली की अजून खावंसं वाटतं."

संध्याकाळी हौसाने नवऱ्याला ओटीवर गाठलं. "पेढे आम्ही दोघी खात व्हतो. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

केसरीनाथने पायातल्या चपला काढून ठेवल्या. मग म्हणाला, "मना तर वाटायला लागलं व्हतं, मीच झोपेत उठून खातो का काय." आणि थोड्या वेळाने, "उद्या चहाला घरी थांबू ना?"

हौसाचे डोळे भरले. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी कोठीतले सगळे पुडे गोदामावरच्या हमालांना वाटून टाकले. आता गोड बंद म्हणजे बंद. चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी हौसाने गुळाच्या ढेपेचा तुकडा मोडला, मग दुसरा, मग तिसरा. मृणालीने रीमाच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला.

"आपल्यात जोरच न्हाय," हौसा स्वतःवरच चिडून म्हणाली. पण त्याच आठवड्यात ती मृणालीला घेऊन अंजूरफाट्याच्या दवाखान्यात गेली. तपासणी झाली. मृणालीची साखर काठावर होती. तीन महिन्यांनी परत या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर दिपाली नावाची नर्स कागद भरत होती.

"सकाळी काय खाता?" तिने मृणालीला विचारलं.

उत्तर हौसाने दिलं. "चहा. त्याच्यासंगं खारी-बटर."

"आणि दुपारी?"

"दोनला हे नि पोरगा जेवतात. मग आम्ही. काय उरलं ते. भाजी न्हाय उरली तर भात नि आमटीचं पाणी."

"झोप?"

मृणाली हसलीच. रीमा रात्री चारदा उठायची.

दिपालीने पेन खाली ठेवलं. "ताई, रात्रीपासून दुपारपर्यंत पोटात धड काही नाही, झोप नाही. मग शरीर गोडच मागणार. स्वतःला बोल लावण्याआधी वेळेवर पोटभर जेवून तरी बघा. डाळ, अंडं, मासळी, काहीतरी पोटाला धरणारं."

रिक्षात हौसा मनाशी वर्षं मोजत होती. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली होती. तू जेवतेस कधी, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोघींनी भाकरी आणि अंडी खाल्ली. साडेबाराला हौसाने दोन ताटं घेतली. वालाची भाजी, सुकट, भात. दोघी मांडी घालून बसल्या. मृणाली सारखी दाराकडे बघत होती.

"जेव," हौसा म्हणाली. "कोणी येत न्हाय."

दोनला केसरीनाथ आला. "ताट?"

"झाकून ठेवलंय. आम्ही जेवलो."

तो स्वयंपाकघरात जरा वेळ उभाच राहिला. मग त्याने झाकण उचललं आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. मुलगा हितेश दोन दिवस कुरकुरला, तिसऱ्या दिवशी स्वतःचं ताट वाढून घ्यायला लागला.

साडेतीनला तरीही पेढ्याची आठवण व्हायचीच, पण तिचा जोर ओसरला होता. एकदा हौसाच म्हणाली, "त्या कोठीत मना कोणी हाक मारत न्हाय बघ. पेढा तोंडात असतो तवर तरी मी माझी असते."

"मला पण तसंच वाटायचं," मृणाली हळूच म्हणाली.

मग तो अर्धा तास त्यांनी घरच्यांकडून उघडपणे मागून घेतला. केसरीनाथ रीमाला घेऊन अंगणात फिरायचा. मृणाली झोपायची. हौसा गच्चीत पाय पसरून बसायची आणि काहीच करायची नाही. मिठाई आली तर जेवणानंतर, ताटात, सगळ्यांदेखत एक पेढा.

रीमाला ताप आला त्या रात्री मृणालीने एका दमात चार पेढे खाल्ले आणि सकाळी सासूला सांगितलं.

"बरं," हौसा म्हणाली. "आता भाकरी खा. थंड होतेय."

तीन महिन्यांनी मृणालीची साखर खाली आली. काठापासून बरीच खाली.

पुढच्या आठवड्यात कामतघरला भाच्याची हळद होती. पहिली पंगत बसली, पुरुषांची. हौसाने मृणालीचा हात धरला आणि दोघी पंगतीच्या टोकाला जाऊन बसल्या. वाढणारे थबकले. हौसाची नणंद पार्वती सकाळपासून चुलीपाशी राबत होती. ती लगबगीने जवळ आली आणि कानाशी म्हणाली, "वयनी, अजून पाव्हणे जेवायचे हायेत."

"जेवतील की. मना भूक लागली हाय," हौसा म्हणाली. मग तिने पार्वतीच्या घामेजल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तू सकाळपासून काय खाल्लंस?"

पार्वतीला आठवेना.

हौसा जराशी सरकली आणि तिने शेजारच्या जागेवर हात थोपटला.